टाकाची पाठ

पुनमच्या खापरपणजीची एकच खूण उरली होती: पुसेगावच्या देव्हाऱ्यातला चांदीचा टाक. एकशे चाळीस वर्षांपूर्वी ती बाळंतपणात गेली, तेव्हापासून घरात तिला नुसतं 'सवाष्ण' म्हणत. दिवाळीत टाकाच्या पाठीवर, काळ्या थराखाली, सुईने ओरखडलेलं नाव पुनमला पुसट दिसलं होतं. ते वाचायला आज ती भिंग घेऊन आली. काकूने कौतुकाने टाक तिच्या हातावर ठेवला. "चिंच अन् विटंची भुकटी लावून दोन दिवस घासला. तू एवढ्या लांबून यायची, काळा देव कसा दाखवू?" पुनमने लखलखता टाक उलटा केला, उजेडात तिरपा धरला, भिंग मागेपुढे केलं. पाठ गुळगुळीत होती. "चाळीस वर्सं पुजली तिला, पण मला वाचता येत न्हाई," काकू म्हणाली. "सांग बाई, काय नाव व्हतं तिचं?" आणि हात जोडून ऐकायला बसली.