कढईतलं तेल

कढईत तेल तापत होतं तेव्हाच खानावळीसमोर पिकअप येऊन थांबली. तिघं उतरले. दोघांच्या खांद्याला बंदुका होत्या. तिसरा रिकाम्या हाताने आला, आणि खानावळवाल्या ओतिलियाने आधी ओळखलं ते त्यालाच. डोंगरातल्या त्या फाट्यावर सगळे त्याला डावरा म्हणत. खरं नाव विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

“काकू, चिलाकिलेस करा. चोरिसो घालून. झणझणीत पाहिजेत,” खुर्ची ओढत तो म्हणाला.

“करते, मालक. बसा.”

चोरिसोचं, त्या मसालेदार सॉसेजचं, कातडं सोलून तिने आतला लालभडक खिमा तव्यावर मोकळा केला. चिलाकिलेससाठी आदल्या दिवशीच्या तॉर्तियांचे, मक्याच्या पोळ्यांचे, तिकोनी तुकडे तेलात सोडले. तोवर यारेत्सी कॉफी घेऊन बाहेर गेली होती. यारेत्सी तिच्या बहिणीची मुलगी. बहीण गेल्यापासून ओतिलियानेच तिला वाढवलं, शहरात शिकायला ठेवलं. सुट्टीला म्हणून ती कालच आली होती.

“हिला कुठे लपवली होती, काकू?” डावऱ्याचा आवाज आत आला. “नाव काय गं तुझं?”

“यारेत्सी.”

“नाश्ता झाला की चल आमच्याबरोबर. डोंगरावरचं घर दाखवतो. दुपारी आणून सोडू.”

बंदूकवाल्यांपैकी एकजण हसला.

ओतिलियाच्या हातातला झारा थांबला. पाववाल्याच्या मुलीलाही दुपारीच आणून सोडणार होते. पाववाला अजून रात्री दाराला कडी लावत नाही.

ती दारात आली. “मालक, पोर अशक्त आहे. आत्ताच तापातून उठलीय.”

“तिखट जरा हात सोडून घाला हं, काकू,” तो म्हणाला. तिच्याकडे त्याने बघितलंही नाही.

मागच्या दारातून उतार थेट नदीपर्यंत जात होता. पण उतार उघडाबोडका, आणि बंदुका दोन.

तिने कुरकुरीत तुकडे निथळून काढले. तव्यातल्या चोरिसोवर लाल मिरच्यांची साल्सा ओतली. चर्र झालं. तुकडे त्यात परतले, तीन ताटल्या भरल्या, वर चीज कुस्करलं, कांदा पेरला. हात नेहमीसारखे चालत होते.

“यारेत्सी, ये गं. ताटल्या ने.”

पोरगी आत आली, ताटल्यांसाठी वाकली. ओतिलियाने कढई दोन्ही कानांना धरून उचलली.

किंकाळी ऐकून तिघंही आत धावले. यारेत्सी जमिनीवर तोंड धरून लोळत होती. “पाय घसरला! देवा, पाय घसरला माझा!” ओतिलिया तिच्यावर घागर रिती करत ओरडत होती.

डावऱ्याने बुटाच्या टोकाने पोरीचा हात बाजूला सारला. गालापासून मानेपर्यंतची कातडी सुटून आली होती.

“वाया गेली,” तो म्हणाला. ताटल्या त्याने स्वतःच उचलल्या. पाणी ओतता ओतता ओतिलियाला बाहेरचे चमचे वाजताना ऐकू येत होते. त्यांनी सगळं संपवलं, मगच गेले.

डोळा वाचला. दवाखान्यात पट्ट्यांच्या आडून यारेत्सीच मावशीची समजूत घालायची. “रडू नकोस गं. मुद्दाम थोडंच केलंस तू?” ओतिलिया तिचे पाय चेपत बसायची.

पावसाळा संपता संपता डावरा त्या दोघांना घेऊन पुन्हा आला. त्याला तेच चिलाकिलेस हवे होते. ओतिलिया अडवणार तोच यारेत्सी केस गालावर ओढून कॉफी घेऊन गेलीसुद्धा. त्याने एकदा वर पाहिलं, नजर काढून घेतली, मीठ मागितलं. ओतिलियाचा जीव भांड्यात पडला.

यारेत्सी परत येऊन चुलीपाशी उभी राहिली.

“धड बघितलंसुद्धा नाही त्याने माझ्याकडे.”

“बरं झालं, बाई,” ओतिलिया बोलून गेली.

यारेत्सी कढईकडे बघत राहिली.

“मावशी, त्या दिवशी तळण झालं होतं. ताटल्या भरून तयार होत्या. मग तू उकळतं तेल घेऊन कुठे निघाली होतीस?”

तव्यात साल्सा रटरटत होती, खाली लागत होती.

यारेत्सीने तवा उतरवला. तीन ताटल्या तिनेच भरल्या. हात पुसले, केस मागे ओढून घट्ट बांधले आणि भाजलेला गाल उघडा टाकून ती ताटल्या घेऊन बाहेर गेली.