कवचाची कड

श्रेयानं ब्रेस काढून सोफ्यावर टाकला आणि सांगितलं, की हे घालून ती शाळेत जाणार नाही. उद्याही नाही आणि परवाही नाही.

नववीतल्या पोरीच्या पाठीचा कणा एका बाजूला वळत चालला होता. अंगाचं माप घेऊन बनवलेला हा टणक प्लॅस्टिकचा ब्रेस हाडांची वाढ थांबेपर्यंत दिवसभर घालायचा, नाहीतर ऑपरेशन, असं डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं. पण आठवडाभर तो रोज तासाभरातच सोफ्यावर येऊन पडत होता. तिची आई संध्या आधी समजावून थकली, मग रागावली, शेवटी स्वयंपाकघरात जाऊन रडून आली. मग तिचे वडील, राजेंद्र, उठले.

तो कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवायचा. घरातल्या कुठल्याही दुखण्यावर त्याच्याकडे एखादा पुतळा तयार असे. त्यानं लॅपटॉपवर एका रोमन सेनापतीच्या संगमरवरी पुतळ्याचा फोटो उघडला आणि सुरुवात केली. ही छाती, ही बेंबी दिसते ना, ते उघडं अंग नाही. ते कवच आहे, अंगासारखंच घडवलेलं. रंग उडून गेलाय, त्यामुळं ते चामड्याचं की धातूचं यावर विद्वान अजून भांडतात. त्यांच्या चिकलठाण्याच्या फ्लॅटमध्ये हे व्याख्यान इतक्यांदा झालं होतं, की कुकरलाही पाठ झालं असेल.

"बघ, कसा ऐटीत उभा आहे," तो म्हणाला. "याला लाज वाटते का कवचाची?"

श्रेयानं फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला.

"लाजेचं कोण बोललं, पप्पा?" तिनं हात वर केला. ब्रेसची कड जिथं टेकायची तिथं, बगलेखाली, कातडी सोलून लालभडक झाली होती. "हा ऐटीत उभा राहणारच. याच्या बगलेत कापड आहे. मला नाय."

राजेंद्रनं चष्मा सारखा करून पाहिलं. दंडापाशी, कवचाच्या कडेखालून, आतल्या जाड कापडाची झालर बाहेर आली होती. वर्षानुवर्षं तो ती वर्गात दाखवत आला होता, शोभेची म्हणून. कवच कशाचं, छातीवर कोरलेले देव कोणते, यावर त्यानं लेख लिहिले. आतल्या माणसाला ते कुठं टोचत असेल हे मात्र त्यानं ना कधी मनात आणलं, ना पोरीला विचारलं. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"आधी का नाही सांगितलंस, बेटा?"

"तुम्ही सगळे हिंमत ठेव, हिंमत ठेव म्हणत होते. मग कसं सांगू?"

संध्या दारातच थिजली होती. रोज ब्रेसचे पट्टे तीच आवळून द्यायची, पण पोरीला हात वर कर म्हणायचं तिलाही सुचलं नव्हतं. कड घासून घ्यायला दवाखान्यात जायचं ठरलं. तोवर तिनं कपाटातून सासूबाईंचं जुनं लुगडं काढलं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. श्रेयाची पहिली झबली त्याचीच शिवली होती. उरलेल्या तुकड्याच्या दुहेरी बाह्या करून ती बनियनला जोडायला बसली. राजेंद्रनं मलमाची ट्यूब शोधून आणली.

बनियन अंगात घालून श्रेयानं ब्रेस स्वतःच उचलला. संध्या पट्टे ओढत होती तेव्हा श्रेयाचं लक्ष लॅपटॉपवरच्या पुतळ्याकडे होतं.

"पप्पा, याला हे कापड कुणी शिवून दिलं असंल?"

राजेंद्र लॅपटॉपवर वाकून झालरीवर शिवण शोधू लागला.

"असंल कुणीतरी घरचंच," संध्या म्हणाली. "तू हात वर कर."