अगदी शांत हॉटेल

घरी वरच्या मजल्यावरच्या जुळ्या पोरींच्या दोरीवरच्या उड्या जणू तिच्या डोक्यावरच पडायच्या. झाडूच्या दांड्याने छत ठोकून ती थकली होती. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी तिने महिनाभर शोधाशोध करून, रस्ता आणि लिफ्ट दोन्हींपासून लांब, अगदी शांत हॉटेल निवडलं.

"आता तरी झोप गं बाई," नवऱ्याने हात जोडले.

पहिल्याच दुपारी डोळा लागतो न लागतो तोच छतावर धपधप सुरू झाली. तिचं डोकंच फिरलं. तरातरा जिना चढून तिने वरच्या खोलीचं दार बडवलं.

हातात दोरी घेतलेल्या मुलीने दार उघडलं आणि तिला पाहताच आत वळून हाक मारली.



"आई, तू तर म्हणालीस इथे कोणी ओरडणार नाही! खालच्या काकू इथेही खालीच आल्यात!"