फुगलेली फुलं

कोयेहा ही आमच्या स्पेनच्या माळावरची रानभाजी, पण कुळ कार्नेशनचं: तीच फुगीर पेरं, तीच समोरासमोर पानांची जोडी. फुलण्याआधीच ती खुडून अंड्यात घालायची. उशीर करणाऱ्याला आमच्याकडे गाढवंसुद्धा हसतात. यंदा म्हाताऱ्या फर्मीननं बांधावरची सगळी भाजी फुलू दिली.

“आता कडू झाली की रे! खाणार कोण?” मी विचारलं.

“खायला नाही. बायकोला, कासिल्दाला फुलं हवीत.”

वृद्धाश्रमात त्यानं तिच्यापुढे फुलं ठेवली आणि कपाळ पुढे केलं. तिनं फुलाखालची फुगलेली पिशवी त्याच्या कपाळावर फट्‌कन फोडली, लग्नाआधी फोडायची तशीच, आणि खिदळली.

“ओळखलंस मला?” त्यानं विचारलं.

“पळ मेल्या,” ती कुजबुजली, “माझा फर्मीन येईल एवढ्यात!”