अकरा विहिरी

जनसुनावणीत पडद्यावर नकाशा उमटला आणि वृंदा थिजली. शहराच्या कचरा डेपोसाठी निवडलेली जागा गावच्या माळावर होती. तिथल्या अकरा विहिरी तिने स्वतः फिरून नोंदवल्या होत्या. नकाशात एकही दिसत नव्हती. खाली सही मात्र तिचीच होती.

"सर, विहिरी कुठे गेल्या?" तिने शेजारी बसलेल्या आपल्या साहेबांना विचारलं.

"मीच काढल्या. त्याशिवाय जागा पात्र ठरत नव्हती," ते कुजबुजले. नकाशाचं काम तिला त्यांनीच हाताला धरून शिकवलं होतं.

समोरच्या गावकऱ्यांमधून सुलाबाई उठल्या. विहिरी दाखवत त्या दोन दिवस तिच्यासोबत हिंडल्या होत्या. "पोरी, आमच्या विहिरी विसरलीस?"

"नाही, मावशी," वृंदा उभी राहिली. "सगळ्या नोंदवल्या होत्या. यांनी पुसल्या." साहेबांकडे बोट दाखवताना तिला रडू आवरेना.