पहिला घास

पहिला घास उचलला की सत्यवती थबकायची, कान देऊन ऐकायची आणि मगच जेवायची. ही आपलीच खोड, असं तिला वाटे. पण यंदा तिची पाच वर्षांची लेक रंजिताही, कुणी न शिकवता, तशीच थबकू लागली. पोरीला हे नको, म्हणून सत्यवती शिवाजीनगरला आत्याकडे विचारायला गेली.

"खोड कसली ग? आपल्या घरच्या सगळ्या बायका थांबतात," आत्या वाढता वाढता म्हणाली. "चारशे वर्षांखाली आपली माणसं फौजेबरोबर इकडं दक्षिणेत आली. नदी उतरताना एक पोर पलीकडं राहिलं. ते हाक मारतंय का, ते ऐकायचं."

"मग कुणाला ऐकू आली?"

"अजून तरी नाही. स्वल्प सार घे."

परतताना सत्यवतीला झोपेत तरंगल्यासारखं हलकं वाटलं. कारण कळलं होतं. आता खोड सुटेल, लेकीचीही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने रंजितासमोर, आयुष्यात पहिल्यांदाच, न थांबता घास तोंडात घातला.

रंजिताचा हात मात्र हवेतच होता.

"जेव, बाळा. कुणी नाही."

रंजिताने ओठांवर बोट ठेवलं.

"आई, चावू नको ना. तो काय म्हणतोय ते ऐकू येत नाही."