ठमी आणि साहेबांचा तह

साहेबांचा कान फाटला होता आणि सोफ्याखालून ठमी अजून गुरगुरत होती. सुनेने एका हाताने साहेबांना उचललं आणि दुसऱ्या हाताने ती कापूस शोधू लागली. सासूबाई झाडू आडवा धरून मध्ये उभ्या होत्या.

"फार लागलं का गं?"

"कान आहे आई, फाटला की फाटला."

साहेब म्हणजे सुनेचा बोका. पाच वर्षं घरात त्यांचीच सत्ता. ठमी सासूबाईंची मांजर. खुब्याचं हाड मोडल्यावर मुलाने आईला आपल्याकडे आणलं, तेव्हा तीही टोपलीत बसून आली. आल्या दिवसापासून महायुद्ध. एका म्यानात दोन तलवारी राहतात का कधी?

जनावरांच्या डॉक्टरांनी रीतसर उपाय सांगितला. आधी दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवायचं. एकाचा टॉवेल दुसऱ्याच्या ताटलीखाली घालायचा, म्हणजे वासाची सवय होते. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना ताटल्या ठेवायच्या आणि रोज थोड्या जवळ सरकवायच्या.

"आणि आजी," डॉक्टर म्हणाले, "ठमी तुमच्यावर मालकी सांगते. तुम्ही दिसलात की तिला भांडायला जोर चढतो. दोघांना एकत्र सोडाल तेव्हा तुम्ही घराबाहेर जा. खायला सूनबाईंनी घालायचं."

सासूबाईंनी तीस वर्षं दवाखान्यांचे कोट शिवले होते. मापात चूक त्यांना ठाऊक नव्हती. ताटली रोज चार बोटं पुढे, तीही टेपने मोजून. दार उघडायची वेळ आली तशी त्या पहिल्या दिवशी दहा मिनिटं जिन्यात बसल्या. मग अर्धा तास. मग बागेतल्या बाकावर दोन तास. शेवटी सकाळी डबा घेऊन वाचनालयात जायचं आणि संध्याकाळी सहाला परतायचं, असं ठरलं. खुबा ठणकायचा, पण ठमीसाठी काय वाट्टेल ते.

कारण एकदा सुनेला फोनवर बोलताना त्यांनी ऐकलं होतं, "ठमीचं जमलं नाही तर सगळंच अडकेल." त्या दिवशी त्यांच्या घशाखाली घास उतरला नाही.

मुलगा खिडकीला जाळी बसवत होता. त्याला त्यांनी विचारलं, "अरे, ठमीला कुठे टाकून येणार नाहीस ना?"

"छे गं." तो स्क्रू पिळत राहिला. "साहेबांशी तिचं जमव. मग काही प्रश्नच नाही."

सून तर हल्ली फारच गोड झाली होती. तिने एक वही आणली. ठमीला कुठला मासा चालतो, गोळी कशात लपवायची, हनुवटीखाली किती वेळ खाजवलेलं आवडतं, सगळं विचारून विचारून लिहून घेतलं. "मलाही यायला नको का आई?" सासूबाई हरखल्या. पोरीबद्दल आपणच मनात काहीबाही आणत होतो, याची त्यांना लाज वाटली.

पाचव्या आठवड्यात घोटाळा झाला. खुब्याची कळ सोसेना म्हणून त्या चारलाच घरी आल्या. त्यांना पाहताच ठमी ताटलीवरून उठली आणि तिने साहेबांवर झेप घेतली. घरभर केस उडाले.

मुलगा आजवर आईवर ओरडला नव्हता. त्या दिवशी ओरडला. "सगळी मेहनत पाण्यात! सहापर्यंत बाहेर थांब म्हणून सांगितलं होतं ना तुला?"

सासूबाईंनी त्याची माफी मागितली. सुनेची मागितली. दाराआडून साहेबांचीही मागितली. दुसऱ्या दिवशीपासून त्या सहाऐवजी सातला येऊ लागल्या.

आणि दोन आठवड्यांनी ते घडलं. त्या आल्या तेव्हा एकाच गोधडीवर दोघं पसरली होती आणि साहेब ठमीचं कपाळ चाटत होते. ठमीने एक डोळा उघडला, सासूबाईंकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला. उठली मात्र नाही. सासूबाईंना आत कुठेतरी बारीकसं टोचलं, पण आनंद त्याहून मोठा होता.

"जिंकलीस गं बाई!" त्या म्हणाल्या आणि भिंतीला धरून खुर्चीत बसल्या. सुनेने येऊन त्यांना घट्ट मिठी मारली. मुलाच्याही डोळ्यांत पाणी होतं.

"आता ठमी कायमची इथलीच ना रे?"

"कायमची. शेवटपर्यंत सांभाळू आम्ही तिला. शब्द देतो."

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. दीड-दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना भूक लागल्यासारखं वाटलं. मुलगा आत गेला आणि त्यांची बॅग घेऊन बाहेर आला. कपडे घड्या घालून भरलेले होते, औषधंही वरच्या कप्प्यात नीट लावलेली होती.

"हे काय रे?"

"सकाळी गाडी येईल," तो म्हणाला. "वृद्धाश्रमात मांजर चालत नाही, आई. म्हणून तर ठमी रुळेपर्यंत थांबलो होतो."